विषय: टाकुमार ५०, रविवारी संपतंय, पिवळेपणाचं काय लिहू?

मंडळी, घाईत लिहायलोय. अजून परभणीतच आहे, २० ला परत. अण्णांच्या स्टुडिओतली सुपर-टाकुमार ५० एमएम, एफ १.४ ही कॅमेऱ्याची जुनी लेन्स ईबेवर लिलावाला लावली, मागं हेलिऑस लेन्स विकली तशीच. वर्णनात 'काच स्वच्छ' लिहून बसलो. बोली ६१ डॉलरवर गेली अन् आता एक जण विचारायलाय, काच पिवळी आहे का? पांढऱ्या कागदावर धरली तर कोऱ्या चहासारखी दिसली ओ! बोली आल्यामुळं जुना मजकूर बदलता येईना, खाली जोडता तेवढं येतंय. काय करू?
— परभणीकर

जोडा की मग! शेवटचे १२ तास लागायच्या आत जोडा, नंतर तेही बंद. लपवलं तर माल परत येतो आणि टपालखर्च आपल्या गळ्यात. माझ्या झूम लेन्सचं रामायण गणपतीत सांगून झालंय.
— बीडवाले काका

काका, पिवळेपणा जातो हो. त्या काचेत थोरियम असतं, त्याच्या किरणोत्सर्गानं वर्षानुवर्षं रंग चढतो आणि अतिनील किरणांनी उतरतो. परभणीचं मे महिन्याचं ऊन फुकट आहे, ठेवा माळवदावर थोडे आठवडे.
— उदगीरची

ताई, ४३ डिग्रीत? लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर उतरलं की 'पिवळी'च्या जागी 'पाती चिकटलेली' लिहावं लागेल. आणि उघडी लेन्स म्हणजे भिंगच, खाली कडबा असला तर बघायलाच नको. त्यापेक्षा युव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा बरा. पण रविवार तर परवाच आहे ना?
— लातूरकर

किरणोत्सर्ग?? माझ्या बॅगेतून येणार होती ना ती?
— जालन्याची वहिनी

वहिनी, प्रमाण अगदी थोडं असतं, काही होत नाही. पण एक सांगू का? अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही म्हणून अण्णांनी पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ह्याच लेन्सनं काढला होता. हॉलमधला तो फोटो पिवळट आला म्हणून आपण प्रिंटवाल्याशी किती भांडलो!
— उदगीरची

प्रिंटवाल्याशी मी एकटाच भांडलो. फ्रेमचे पैसेही मीच दिलेत, अजून मिळायचेत. आणि विषयात [विक्री] लिहायचं मागच्या बैठकीत ठरलंय.
— सचिव

४३ नाही, काल ४४ होतं.
— परभणीकर

लेन्सचं काय झालं ते सांगा.
— बीडवाले काका

जोडलं, फोटोही टाकला. त्या गड्यानं लगेच बोली मागं घेतली! सुरुवातीच्या आठ भिंगांच्या टाकुमारमध्ये थोरियम नसतं, ती पिवळी पडत नाही, अन् तिलाच भाव. 'काच स्वच्छ' वाचून त्याला ती वाटली. आपली नंतरची, सात भिंगांची. आता ३४ वर आलीय. लातूरकर, तो युव्ही दिवा तुमच्याकडं आहे का? नाही विकली तर २० नंतर न्यायला येतो.
— परभणीकर