फौजदारी केस चालू असताना ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी: अर्ज कुठे आणि कसा करावा?

तापीकाठचे आप्पा

राम राम मंडळी. भाच्यासाठी विचारतोय. गाव अमळनेर तालुक्यात, वय 27, ट्रान्सपोर्टचं लायसन्स आहे, आयशर आणि दहाचाकी दोन्हींवर हात बसलेला. बांधावरून भावकीत मारामारी झाली, त्यात याचंही नाव आलं. भारतीय न्याय संहितेची कलमं 115(2) (दुखापत), 118(1) (घातक हत्याराने दुखापत), 351(2) (धमकी) आणि 352 (चिथावणीसाठी अपमान). जामीन झाला, दोषारोपपत्र दाखल झालं, अमळनेर कोर्टात तारखा चालू आहेत.

जळगावात एका कंटेनरवाल्या कंपनीचा फॉर्म भरायचाय, सावद्याकडे केळीच्या गाडीचंही बोलणं चालू आहे. केस सांगावी की नाही? लायसन्स पुढच्या वर्षी संपतंय, तेव्हा आरटीओत अडेल का? आणि तारखा सांभाळून लाईनवर, म्हणजे लांबच्या फेरीवर, जाता येतं का? जाणकारांनी नेमकं सांगावं.

महामार्ग 53

आप्पा, लायसन्सची काळजी आधी सोडा. मालवाहू गाडीच्या लायसन्सचं नूतनीकरण करताना पोलीस पडताळणी लागत नाही. ती लागते रिक्षा, टॅक्सी, बस अशा प्रवासी गाडीच्या बॅजला. तुम्हाला सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) अर्ज, नमुना 1-अ चं डॉक्टरी प्रमाणपत्र आणि फी, एवढंच. मुदत संपायच्या आधी वर्षभरापर्यंत अर्ज घेतात, मग थांबता कशाला?

2019 च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षं झाली, पण संपल्यावरची तीस दिवसांची सवलत गेली. त्या मधल्या दिवसांत अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाच्या अंगावर ढकलू पाहते. म्हणून मालक मारामारीच्या केसपेक्षा लायसन्स जास्त बारकाईने बघतो. मुलाखतीला जाताना सारथीवर स्थिती तपासून त्याची प्रिंट न्या.

अस्सल लायसन्स आणि आधार मालकाकडे ठेवू देऊ नका. केस आहे म्हटल्यावर काही जण कागद अडकवून ठेवतात, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही मागतात. अशा ठिकाणी पगार कितीही सांगोत, उठून यावं.

कोर्टपायरी धुळे

फॉर्ममधला प्रश्न शब्दन् शब्द वाचायला सांगा. दोन प्रकारचे प्रश्न असतात आणि पोरं तिथेच फसतात.

"तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?" याचं खरं उत्तर आज "नाही" असंच आहे. खटला चालू असणं म्हणजे शिक्षा नव्हे. "तुमच्यावर गुन्हा दाखल किंवा खटला प्रलंबित आहे का?" याचं उत्तर मात्र "होय". इथे "नाही" लिहिलं तर उद्या निर्दोष सुटला तरी खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून काढता येतं. रकान्यात पाल्हाळ नको, एवढंच लिहा:

"होय. अमळनेर न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित, क्रमांक अमुक. घटना खासगी जमिनीच्या वादातली, वाहन चालवण्याशी संबंध नाही. शिक्षा नाही. जामिनावर आहे. प्रती जोडल्या आहेत."

सोबत जोडायचं काय: एफआयआरची प्रत, जामीन आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल, दोषारोपपत्राची पहिली काही पानं ज्यात कलमं आणि याची भूमिका दिसते, ई-कोर्ट्सवरची (कोर्टांच्या केसची माहिती देणारी सरकारी वेबसाइट) पुढच्या तारखेची प्रिंट. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळायची असते. ती वकिलांकडे असेल, मागून घ्या. जामीन आदेशासाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज टाकावा लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच टाका.

मोठ्या कंपन्या पडताळणी दुसऱ्या एजन्सीकडून करून घेतात. त्या ई-कोर्ट्सवर नावाने शोधतात. खान्देशात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे पाटील गावोगाव सापडतात, त्यामुळे दुसऱ्याचीच केस याच्या नावावर चिकटू शकते. फॉर्मवर वडिलांचं नाव, गाव, तालुका पूर्ण लिहा आणि आपल्या केसचा सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा केसचा सोळा अक्षर-अंकी ओळख क्रमांक) स्वतःहून द्या.

चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो आणि पोलीस अधीक्षक कार्यालयातून उत्तर येतं. केस प्रलंबित असेल तर स्वच्छ प्रमाणपत्र येणार नाही, नोंद येईल किंवा नाकारतील. त्या अर्जातही केस लपवू नका.

सावदा लोडिंग

केळीच्या गाडीवर फॉर्मबिर्म नसतो, मालक तोंडी विचारतो. बऱ्याचदा विचारतही नाही. तरी माझं मत, सांगून टाका. कारण नैतिकतेपेक्षा साधं आहे: माल नाशवंत. दिल्लीची फेरी म्हणजे जाताना अकराशे किलोमीटरच्या आसपास, त्यात भरती, मंडीतली उतराई, परतीचं भाडं मिळेपर्यंत थांबणं. आठवडा सहज जातो. अमळनेरची तारीख मध्येच आली आणि पोरगा गाडी सोडून निघाला तर गाडीतली केळी पिकून काळी पडतात आणि तोटा मालकाचा. हे आधी माहीत असलं तर तो तारखेच्या आठवड्यात वाशी किंवा पुण्याची फेरी देतो, नाहीतर बदली ड्रायव्हर बघून ठेवतो. नंतर कळलं तर पहिल्याच तारखेला हिशोब करून मोकळा करतो.

वरणगाव 14 चाकी

मला हे पटत नाही. विचारलं नाही तर सांगायची कायद्याने सक्ती नाही. मारामारीच्या केसचं ऐकून लोक दारातूनच परत पाठवतात.

कोर्टपायरी धुळे

सक्ती नाही, बरोबर. पण तारीख लपत नाही भो. केस सांगायची नसेल तरी "महिन्यातून एखादा दिवस कोर्टाचं काम असतं" एवढं तरी रुजू होण्याआधी बोलावंच लागेल. ते बोललं की पुढचा प्रश्न येतोच.

आता आप्पांचा तिसरा प्रश्न, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अशा केसमध्ये नोकरी जाते ती बहुतेक वेळा वॉरंटमुळे. ड्रायव्हर इंदूरच्या पुढे, इकडे पुकारा होतो, कोणी हजर नाही, अजामीनपात्र वॉरंट निघतं. जामीनदाराला नोटीस जाते. शिवाय जामिनावर सुटून हजर न राहणं हा न्याय संहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हा आहे.

म्हणून लाईनवर जायच्या आधी ही कामं करा. जामीन आदेशातल्या अटी वाचा. "जिल्हा सोडू नये", "परवानगीशिवाय राज्याबाहेर जाऊ नये", "दर आठवड्याला ठाण्यात हजेरी" यांपैकी काही असेल तर ट्रकवर बसायच्या आधी ती शिथिल करून घ्या. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश, नवापूर ओलांडलं की गुजरात. रोजच्या वाटेवरच अट मोडते. अर्जात "रोजगार चालकाचा आहे" हे कारण लिहा आणि मालकाचं पत्र जोडा.

मग वकिलांशी हजेरीमाफीचं बोला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम 355 खाली त्या त्या तारखेपुरती सूट मागता येते, वकील अर्ज देतात. 228 खाली कायम सूटही मागता येते, ती द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. पण दोषारोप निश्चिती, साक्षीदार ओळखणार असेल तो दिवस, आरोपीचा जबाब आणि निकाल, या तारखांना स्वतः उभं राहावं लागतं असं धरूनच चाला. आजची तारीख कशासाठी होती आणि पुढची कशासाठी, हे कोर्टाच्या रोजनाम्यात असतं. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सीएनआर टाकून केस जतन करा आणि फेरी घेण्याच्या आदल्या संध्याकाळी बघा.

गाडीत जामीन आदेशाची एक प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये असू द्या.

महामार्ग 53

कुठे अर्ज करू नये तेही सांगतो. इंधनाचा आणि गॅसचा टँकर सध्या सोडा. त्याला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर नोंद लागतेच, वर डेपोचा पास काढताना पोलीस पडताळणी येते. भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींत जाणाऱ्या गाड्यांचंही तेच. त्यापेक्षा दीपनगर वीज केंद्राच्या राखेचे बल्कर (बंद टाकीच्या गाड्या), जळगाव एमआयडीसीतले पाईप आणि डाळमिलचा माल, दोंडाईचा-नंदुरबारची मिरची, जिनिंगचा कापूस. फेऱ्या लहान, तारखेला घरी येता येतं. सुरुवात तिथून करावी.

शिरपूर लाईन

केस अपघाताची असेल तर? न्याय संहितेची 281 (बेदरकार गाडी चालवणं) आणि 106(1) (निष्काळजीपणाने मृत्यू).

महामार्ग 53

तिथे गोष्ट वेगळी. आरटीओ मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 खाली लायसन्स निलंबित करू शकतं, पण आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या, आदेश झालाच तर तीस दिवसांत अपील. पोलिसांनी लायसन्स जप्त केलं असेल तर पावती सांभाळा आणि तिच्यावरची मुदत बघा. निलंबनाच्या काळात गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्स. दारूची केस, म्हणजे कलम 185, असेल तर चांगली कंपनी घेणं कठीण, उगाच आशा लावत नाही.

तापीकाठचे आप्पा

खूप उपयोग झाला, आभार. दोन गोष्टी राहिल्या. एसटीची भरती निघाली तर भरावी का? आणि दोन्ही घरं आता मिटवायला तयार आहेत, लोकअदालतीत संपेल का?

कोर्टपायरी धुळे

एसटी भरा, फक्त पडताळणी फॉर्मवर केस लिहा. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय की केस खरी लिहिली असेल आणि गुन्हा किरकोळ स्वरूपाचा असेल तर खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. देता येते, द्यावीच लागते असं नाही.

मिटवण्याचं: 115(2), 351(2) आणि 352 आपसात मिटतात. अडकतं ते 118(1) वर, ते तडजोडीच्या यादीत नाही, म्हणून लोकअदालतीत पूर्ण केस संपणार नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली रद्द करण्याचा अर्ज करावा लागेल. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. खर्च झेपत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना सहसा उत्पन्न मर्यादेत.

आणि आदेश हातात येईपर्यंत कुठल्याही फॉर्मवर "मिटली" लिहू नका, "प्रलंबित"च लिहा. आदेश आला की सहीशिक्क्याच्या दोन-तीन नकला काढा, एक पोलीस ठाण्यात आवक शिक्का घेऊन द्या. ठाण्याच्या नोंदीत बदल झाल्याची खात्री केल्यावरच चारित्र्य पडताळणीचा नवा अर्ज टाका, नाहीतर जुनीच नोंद परत येते.