सहावी-सातवीच्या मराठीच्या तासाला नेमकं काय शिकलात?

चकलीचा साचा
परवा लेक सातवीचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, प्रयोग विज्ञानात असतात ना? मग मराठीत कशाला?" माझे हात कणकेत. आणि 30 वर्षांपूर्वीची बाईंची युक्ती आपसूक तोंडातून बाहेर पडली. कर्ता बदल आणि क्रियापद हलतं का बघ. 'राजू आंबा खातो', 'सीमा आंबा खाते'. हललं, म्हणजे कर्तरी. नाही हललं तर कर्म बदल. 'राजूने आंबा खाल्ला', 'राजूने चिंच खाल्ली', झालं कर्मणी. आणि 'राजूने बैलाला बांधले', 'सीमाने गाईला बांधले' असं काहीही बदला, क्रियापद ढिम्म, तर भावे.

एकोणीसचा पाढा विसरले, बीजगणित तर कधीच गेलं. हे कसं काय राहिलं? तुमचं काय राहिलंय ते लिहा. 'वाचनाची गोडी लागली' छापाचं नको, ठोस काहीतरी सांगा.

तिखट ठेचा
अकोला जिल्ह्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. सरांनी फळ्यावर विभक्तीचा तक्ता काढला. द्वितीयेचे प्रत्यय: स, ला, ते. मी हात वर करून म्हटलं, "सर, यात आपला 'ले' नाही." घरी आम्ही 'मले भूक लागली' म्हणणारे. वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. तक्त्याच्या उजवीकडे त्यांनी एक रेघ मारली, वर 'घरचा' असं लिहिलं आणि खाली 'ले'. म्हणाले, "पेपरात डावीकडचा, घरी उजवीकडचा." पुढे पुण्यात नोकरीला आल्यावर माझ्या बोलण्याला लोक हसायचे तेव्हा ती रेघ फार कामाला आली.

जाता जाता एक तक्रार. 'ते' हा प्रत्यय जुन्या कवितांबाहेर बोलताना कुणी वापरलेला मी आजवर ऐकला नाही. तरी तो तक्त्यात ऐटीत बसलेला, आणि लाखो लोकांचा 'ले' बाहेर!

सोलकढी
आमचा 'का'पण घ्या की मग. माका, तुका. आमच्याकडे मात्र रेघबिघ नाही, थेट पट्टी मिळाली हातावर.

दप्तर
मी 'पत्रलेखन' शिकलो, तेही जन्माची अद्दल घडून. बाईंनी प्रत्येकाला 15 पैशांचं पोस्टकार्ड आणायला सांगितलं. आपल्याच घरी खरंखुरं पत्र धाडायचं. 'ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.' हे इतकी वर्षं मंत्रासारखं लिहीत होतो. शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, हे त्या दिवशी पहिल्यांदा सुटं करून कळलं. मायना, मजकूर, 'तुझा आज्ञाधारक नातू', पत्ता, सगळं चोख. फक्त दप्तरात कार्डाचा कोपरा फाटला. मला काय त्याचं? टाकलं पेटीत.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, हे तेव्हा प्रत्येक म्हातारीला ठाऊक. आजीला अक्षरओळख नव्हती. तिने कार्ड हातात घेतलं आणि ओसरीवर बसून हंबरडाच फोडला. शेजारपाजार जमला. मी शाळेतून आलो तेव्हा दारात ही गर्दी! मीच ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, "मी येथे खुशाल आहे, तुझी खुशाली कळव." आजीने डोळे पुसले आणि एक धपाटा घातला. बाईंनी मला दहापैकी नऊ दिले होते.

फ्लेक्सवाला
माझं डीटीपी-फ्लेक्सचं दुकान आहे. सातवीतला रफार मला रोज लागतो. सर म्हणायचे, शब्द सावकाश बोला. आ, शी, र्, वा, द. 'र्' कुणाच्या आधी ऐकू आला? 'वा'च्या. मग तो 'वा'च्या डोक्यावर बसणार: आशीर्वाद. निम्मी गिऱ्हाइकं 'आर्शीवाद' लिहून आणतात. दुरुस्त केलं की वर म्हणतात, "चुकलं तुमचं, आम्ही कायम असंच छापतो." 'हार्दीक' तर मी न विचारता 'हार्दिक' करतो. दीन आणि दिन मात्र विचारूनच. 'जन्मदीन' छापून एका भाऊंना गरीब करून टाकलं होतं एकदा.

मोडकी काडी
'फाटक्या छत्रीचे मनोगत'. मी आमच्या घरच्याच छत्रीवर लिहिलं. तिची एक काडी बाबांनी सायकलच्या स्पोकने बसवली होती, तेही लिहिलं. शेरा आला: 'मुद्दे सुटले.' ज्यांनी गाईडमधलं उतरवलं त्यांना जास्त मार्क. काय शिकलो? परीक्षेसाठी एक छत्री आणि पावसासाठी दुसरी.

खडू
मी सध्या सहावीला मराठी शिकवते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. वाक्प्रचार दिला की मुलं अर्थच वाक्यात कोंबतात: 'रमेशने पळ काढणे म्हणजे पळून जाणे केले.' मग मी नियम केला की वाक्यात घरातलं माणूस आणि काल घडलेली गोष्ट हवी. दुसऱ्या दिवशी एका मुलाने लिहून आणलं, 'सावकार दिसताच बाबांनी मागच्या दाराने पळ काढला.' व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. वर्गात मोठ्याने वाचायला नाही सांगितलं. आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीत 'भाषेचा प्रभावी वापर करतो' एवढंच लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते?

चकलीचा साचा
खडू, हे वाचून थोडा वेळ काही सुचेना.

इकडची खबर: लेक आता घरभर कर्ते बदलत फिरतेय. काल तिने 'मला चहा आवडतो' पकडलं. 'तुला चहा आवडतो', 'बाबांना चहा आवडतो', क्रियापद हलेना. 'मला कॉफी आवडते' म्हटल्यावर हललं. "म्हणजे कर्मणी?" मीही गडबडले, मग बाईंचा प्रश्न आठवला: आवडणारा कोण? चहा! कर्ता तोच, प्रयोग कर्तरी. लेक नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, यात तुम्ही कर्ते नाहीच आहात." तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "माहितेय. कर्ती आत आहे, आलं घालायला सांग."