मदत हवी आहे: दहावीतल्या मुलाला 'ए' सर्टिफिकेटचा विनोदी सिनेमा दाखवावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, प्रतापनगरला राहतो. मुलगा दहावीत, पुतणी अकरावीत. दोघांना ओटीटीवरचा एक इंग्रजी विनोदी सिनेमा बघायचाय. कॉलेजच्या पोट्ट्यांचा धिंगाणा वगैरे. कोपऱ्यात 'ए' लिहिलंय.

थिएटर असतं तर प्रश्नच नव्हता, 'ए' सिनेमाला अठराच्या आतल्यांना आईबापासोबतही प्रवेश नाही. अमेरिकेत मात्र 'आर' सिनेमाला सतराच्या आतलं पोरगं पालकांबरोबर जाऊ शकतं, हे चिरंजीवांनीच मला ऐकवलं! 2024 पासून आपल्याकडे 'यूए'चे (म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे) वयाप्रमाणे 7, 13 आणि 16 असे गट आहेत, पण हा त्यात बसत नाही.

पहिला अर्धा तास मी बघितला. शिव्यांचं एवढं काही नाही, त्या बर्डीच्या बाजारात फुकटात ऐकू येतात. शी-शूचे विनोदही एकवेळ चालतील. पण पार्टीत एक मुलगी दारू पिऊन पडलेली, पोरं हसत तिचे फोटो काढतात आणि सिनेमाच्या लेखी तो विनोद! मी तिथेच बंद केला.

ज्यांची मुलं या वयाची आहेत त्यांनी सांगा ना, असं काही आलं तर सोबत बसून बघता आणि मध्येच थांबवून बोलता, की सरळ नाही म्हणता? पॅरेंटल लॉक आहे, पण मित्राच्या मोबाईलला कुठे लॉक लावणार बाप्पा? आणि पुतणीच्या बाबतीत वहिनींना आधी विचारावं ना?