आमचे अबुएलो
"अमेरिकेत आजोबा म्हणजे सणाला एक फोन" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या नवऱ्याचं घर मेक्सिकन, कॅलिफोर्नियातल्या सलिनासचं, आणि त्याचे आजोबा शेजाऱ्यांचे पण अबुएलोच, म्हणजे आजोबाच, होते. ते ब्रासेरो प्रोग्रॅममधून आलेले, १९४२ ते १९६४ मेक्सिकोतून कंत्राटावर शेतमजूर आणायचे ना, त्यातून, मग वर्षानुवर्षं लेट्यूसच्या शेतात "एल कोर्तितो" म्हणजे आखूड दांड्याच्या कुदळीने वाकून काम, कंबर कायमची गेली. ती कुदळ कॅलिफोर्नियात १९७५ ला बंद झाली तेव्हा त्यांनी आपली गॅरेजच्या भिंतीवर टांगली, अजून तिथेच आहे.

मला "मिहा" म्हणायचे, म्हणजे पोरी. ख्रिसमसआधी तमालेस करायला तीसेक माणसं जमणार, कणसाच्या पानांवर मक्याचं पीठ थापायचं, माझं जाड झालं की गुपचूप खरवडून काढायचे, बोलायचे काही नाही.

गेले तेव्हा नऊ दिवस रोज संध्याकाळी घरात रोझरी, मग कॉफी, गोड पाव, आणि रडता रडता त्यांचेच किस्से सांगून हसणं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं आपल्यासारखंच की!

आता २ नोव्हेंबरला ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्या माणसांसाठीची मांडणी, मांडतो, फोटो, पाणी, मीठ आणि झेंडू. तोच आपला दसऱ्याचा (मूळचा तिकडचाच म्हणा). मागच्या वेळी सासूबाईंनी माझ्या हातचा शिरा पण ठेवायला लावला, वेलची जास्त घालून, अबुएलोंना तसाच लागायचा.