मदत हवी आहे : विडी वळणाऱ्या घरांतल्या मुलांना धूम्रपानाचे धोके कसे शिकवावेत?

सोलापुरातल्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आया घरी विड्या वळतात. काही मुली स्वतः पानं कापायला मदत करतात. त्यामुळे "विडी वाईट" म्हटलं की मुलं मान खाली घालतात. त्यांच्या घरचं पोट ज्या कामावर चालतं, त्याची त्यांना लाज वाटावी असं मला अजिबात नको आहे.

खराब फुप्फुसाची चित्रं दाखवून पाहिली. ज्यांचे वडील विडी ओढतात ती मुलं घाबरली, बाकीची हसली. जागेवर धावून मग स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा खेळ मात्र चांगला जमला (दम्याच्या मुलांना त्यात घेतलं नाही). रोजच्या विडीकाडीचा वर्षाचा खर्च काढायला लावला, तोही हिशेब मुलांनी मन लावून केला.

बाटलीत कापूस ठेवून सिगारेट पेटवायचा प्रयोग सुचवू नका. शाळेच्या आवारात धूम्रपानाला बंदी आहे आणि मुलांसमोर सिगारेट पेटवणं मला पटतही नाही. प्रोजेक्टर नाही, तास ३५ मिनिटांचा, पट ४२. नाटुकलं चालेल, पण त्यात कुणाच्या आईबापाकडे बोट जायला नको.

धुरातला चिकटा फुप्फुसात कसा साचतो हे काहीही न पेटवता दाखवणारा प्रयोग कुणी केला आहे का? आणि विडी कामगारांच्या वस्तीत शिकवणाऱ्यांनो, तंबाखू हाताळताना आईला होणाऱ्या त्रासाबद्दल तुम्ही मुलांशी बोलता का, आणि सुरुवात कशी करता?