मदत हवी आहे : थायलंडमध्ये नव्वद दिवसांचा रिपोर्ट ऑनलाइन नाकारला गेला, मुदत १४ एप्रिलची आहे

गिरणाकाठची (शुक्रवार, ३ एप्रिल)

नमस्कार. मी रयोंगला राहते. परदेशी माणसाने दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवायचा असतो, त्या माझ्या रिपोर्टची तारीख १४ एप्रिल आहे. मंगळवारी ऑनलाइन अर्ज भरला होता आणि आज सकाळी तो नाकारल्याची ईमेल आली. कार्यालयाशी संपर्क साधावा, एवढेच एक वाक्य त्यात आहे आणि कार्यालयात फोन कोणी उचलत नाही. सोमवारी चक्री दिनाची सुट्टी आहे, १३ ते १५ सॉन्गक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची, सुट्टी आहे आणि १६ तारखेचे माझे मुंबईचे विमान आहे. यंदा आखाजी सॉन्गक्रानला लागून आली आहे आणि आईने चाळीसगावला सगळ्यांना मी येणार म्हणून सांगून ठेवले आहे, त्यामुळे तिकीट बदलणार नाही.

पुन्हा ऑनलाइन अर्ज करावा की दंड ठरलेलाच आहे, एवढाच प्रश्न आहे. नियम मी वाचलेले आहेत, म्हणून कृपया फक्त नेमके उत्तर द्यावे.

रावेरकर

ताई, नेमके उत्तर देण्यासाठी आधी काही गोष्टी कळायला हव्यात. व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे? मागच्या रिपोर्टनंतर पासपोर्ट नवा काढला आहे का, देशाबाहेर जाऊन आला आहात का, किंवा घर बदलले आहे का? ऑनलाइन अर्ज नाकारला जाण्यामागे बहुधा यांपैकीच काहीतरी असते. शिवाय १४ एप्रिल ही तारीख पासपोर्टला टाचलेल्या चिठ्ठीवरची आहे की तुम्ही स्वतः मोजलेली, तेही सांगावे.

भुसावळ_जंक्शन

मी न्यू जर्सीत असतो. आमच्याकडे दर नव्वद दिवसांनी हजेरी देण्याचा प्रकार नाही. मात्र पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत एआर-११ हा फॉर्म भरावा लागतो. तो ऑनलाइन भरता येतो आणि त्याला शुल्कही नाही. ग्रीन कार्ड मिळाले की हे संपते असे आपल्याकडच्या अनेकांना वाटते, परंतु नियम ग्रीन कार्डधारकांनाही लागू आहे. कोणाला त्याबद्दल विचारायचे असल्यास अवश्य विचारावे.

सातपुडा

मी चोनबुरीत नोकरीला आहे. माझे सरळ मत आहे की हे काम एजंटाला द्यावे. रिपोर्ट दुसऱ्या व्यक्तीने नेऊन दिला तरी चालतो, तुम्ही स्वतः जायची गरज नाही. काहीशे बाहत जातील, पण रजा वाचते आणि रांगही वाचते. तुमच्या कंपनीचा कोणी माणूस असेलच.

गिरणाकाठची

व्हिसा अर्थातच डिपेन्डन्टचा आहे. नोकरी ह्यांची आहे आणि कंपनीचा एजंट फक्त ह्यांचीच कागदपत्रे पाहतो, माझी नाही. तारीख चिठ्ठीवरचीच आहे, पासपोर्ट जुनाच आहे आणि मधल्या काळात मी देशाबाहेर गेलेली नाही. घर फेब्रुवारीत बदलले, पण प्रांत तोच आहे आणि रस्तासुद्धा तोच आहे, फक्त इमारत वेगळी आहे, तेव्हा त्याचा येथे काय संबंध? अर्जात मी नवा पत्ता बरोबर लिहिलेला आहे.

रावेरकर

संबंध आहे, आणि माझ्या मते सगळे तिथेच अडले आहे. थायलंडचा १९७९ चा इमिग्रेशन कायदा दोन वेगवेगळ्या माणसांवर दोन वेगवेगळी कामे टाकतो. कलम ३७ प्रमाणे परदेशी माणसाने दर नव्वद दिवसांनी आपला राहण्याचा पत्ता कळवायचा असतो, तो टीएम ४७ फॉर्म. कलम ३८ प्रमाणे आपल्या घरात परदेशी माणूस राहायला आला, हे घरमालकाने किंवा घराचा ताबा असणाऱ्याने चोवीस तासांच्या आत कळवायचे असते, तो टीएम ३० फॉर्म. नव्या इमारतीच्या मालकाने टीएम ३० भरलेला नसेल, तर सरकारी नोंदीत तुम्ही अजून जुन्याच घरी राहता आणि तुमच्या अर्जात नवा पत्ता आहे. पडद्यासमोर बसलेला कर्मचारी त्या दोन पत्त्यांचा मेळ घालत बसत नाही, अर्ज परत करतो.

म्हणून तोच अर्ज पुन्हा भरण्यात अर्थ नाही. शिवाय ऑनलाइन अर्ज तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस आधीपर्यंतच घेतात, म्हणजे तुमच्यासाठी ७ एप्रिलपर्यंत. प्रत्यक्ष कार्यालयात मात्र पंधरा दिवस आधीपासून तारखेनंतर सात दिवसांपर्यंत रिपोर्ट देता येतो आणि तेवढ्या काळात दंड नाही.

केळीचे_पान

मग रजिस्टर टपालाने पाठवून द्यावा. मी खोन केनला असताना दोन वर्षे टपालानेच पाठवत होतो. चिठ्ठी परत येण्यासाठी टपाल तिकीट लावलेले पाकीट आत ठेवायचे असते, तेवढे विसरू नये.

रावेरकर

केळीचे_पान, टपालाने पाठवायचा रिपोर्ट तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी पोहोचायला हवा. ती वेळ केव्हाच निघून गेली.

केळीचे_पान

ठीक आहे. पण मग मी वेगळाच प्रश्न विचारतो, ताईंनी रिपोर्ट द्यावाच कशाला? त्या १६ तारखेला देश सोडत आहेत. देशाबाहेर गेले की मोजणी थांबते आणि परत येतील तो पहिला दिवस धरून नव्याने नव्वद दिवस सुरू होतात. तारखेनंतरचे सात दिवस २१ एप्रिलपर्यंत पुरतात, म्हणजे विमानतळावर त्या मुदतीतच आहेत. उगाच सॉन्गक्रानच्या आधीच्या गर्दीत उभे राहून काय मिळवायचे आहे?

सातपुडा

हा सल्ला धोक्याचा आहे. विमान रद्द झाले किंवा कोणी आजारी पडले आणि जाणे लांबले, तर काय करायचे? उशिरा स्वतः गेले तर दोन हजार बाहत द्यावे लागतात. आणि रिपोर्ट न देता कुठे तपासणीत सापडले, तर कायद्यात पाच हजारांपर्यंत दंड आणि त्यावर दिवसाला दोनशेपर्यंत अशी तरतूद आहे. एजंटाचे पैसे त्यापेक्षा कमीच होतात.

केळीचे_पान

विमान रद्द झाले तरी २० आणि २१ तारखेला कार्यालय उघडे आहे. तुम्ही प्रत्येक धाग्यावर एजंटच सुचवता, हे आता सर्वांच्या लक्षात आले आहे. आणि घराची नोंदच नसेल, तर एजंट तरी काय जादू करणार आहे?

पांझरा

थोडे वेगळे सांगतो. परदेशीयांनाच एवढा त्रास का, असे वाटत असेल तर आपल्याकडेही हेच आहे. गेल्या वर्षी आमच्या धुळ्याच्या घरी मुलाचा जर्मन सहकारी लग्नासाठी उतरला होता, तेव्हा घरमालक म्हणून मला चोवीस तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म सी भरावा लागला. हॉटेलवाल्यांनाच अशी नोंद लागते असा समज आहे, पण खासगी घरालाही लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस अधीक्षक हेच परदेशी नोंदणीचे अधिकारी असतात. मांडव घालायचा सोडून मी पाहुण्याच्या व्हिसाच्या पानाचा फोटो काढत बसलो होतो, हे आमच्या सौभाग्यवती अजून सांगत असतात.

वाघूर

एवढी चर्चा झाली, पण मुख्य प्रश्न कोणीच विचारला नाही. ताई, १६ तारखेला निघताना रीएन्ट्री परमिट (त्याच व्हिसाच्या मुदतीवर परत येण्याची परवानगी) घेतले आहे का?

गिरणाकाठची

माझे राहण्याच्या मुदतीचे एक्सटेन्शन ऑगस्टपर्यंत आहे. ह्यांच्या रीएन्ट्रीचे कंपनी पाहते. एक्सटेन्शन चालू असताना मला वेगळे काही लागते का? आणि मूळ प्रश्न रिपोर्टचा आहे, कृपया त्यावरच बोलावे.

वाघूर

रिपोर्टवरच बोलते आहे, कारण रिपोर्ट चुकला तर दोन हजार बाहतांवर भागते, पण रीएन्ट्री न घेता विमानात बसलात तर ऑगस्टपर्यंतचे एक्सटेन्शन त्या क्षणी संपते. परत आल्यावर नॉन-ओ, म्हणजे डिपेन्डन्टच्या व्हिसापासून सगळे नव्याने करावे लागेल. त्यात विवाह प्रमाणपत्र आणि कंपनीची पत्रेही पुन्हा आली. पतीचे परमिट तुम्हाला चालत नाही, ते प्रत्येकाच्या पासपोर्टवर वेगळे असते. टीएम ८ हा फॉर्म भरायचा. एका फेरीचे परमिट एक हजार बाहतांना मिळते आणि अनेक फेऱ्यांचे तीन हजार आठशेला. दिवाळीलाही माहेरी येणार असाल, तरी ऑगस्टच्या पुढे ते परमिट चालणार नाही, कारण त्याची मुदत एक्सटेन्शनबरोबर संपते. त्यामुळे ऑगस्टच्या आत किती वेळा ये-जा होणार आहे हे पाहून ठरवावे.

सुवर्णभूमी विमानतळावरही रीएन्ट्री मिळते, पण सॉन्गक्रान संपल्याच्या दुसऱ्या दिवशी विमानतळावर काय गर्दी असते, हे तुम्हाला सांगायला नको. मी त्या भरवशावर राहिले नसते.

रावेरकर

वाघूरताईंचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे, हे माझ्याकडूनही यायला हवे होते. म्हणजे कार्यालयात तुम्हाला जावेच लागणार आहे. मंगळवार ७ ते शुक्रवार १० यांपैकी एका दिवशी सकाळी लवकर जाऊन टीएम ३०, टीएम ४७ आणि टीएम ८ हे तिन्ही एकाच फेरीत उरकावे. रयोंगला राहता, तर रयोंगच्याच कार्यालयात जावे. बँकॉकला चेंग वत्थनाच्या कार्यालयात गेलात तर परत पाठवतील.

घरमालकाकडून त्याच्या ओळखपत्राची आणि ताबियन बानच्या (घराच्या सरकारी नोंदवहीच्या) पानाची सही केलेली प्रत मागवावी, आणि तुमचा भाडेकरार मूळ प्रतीसह न्यावा. कलमात घराचा ताबा असणाराही येतो, त्यामुळे भाडेकरूने स्वतः टीएम ३० नेऊन दिला तर तो बहुतेक ठिकाणी घेतात. पासपोर्टचे फोटोचे पान, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का आणि एक्सटेन्शनचा शिक्का यांच्या झेरॉक्स काढून प्रत्येक पानावर सही करावी. सही नसलेली एक झेरॉक्ससुद्धा खिडकीवरून परत येते. रीएन्ट्रीसाठी फोटोही लागतो.

भुसावळ_जंक्शन

परत आल्यावर टीएम ३० पुन्हा भरावा लागतो ना? माझा एक मित्र पट्टायाला होता, तो प्रत्येक फेरीनंतर चोवीस तासांत धावत जायचा.

वाघूर

ते जुने झाले. २०२० पासून, रीएन्ट्री घेऊन त्याच घरी परत आल्यास नव्याने नोंद लागत नाही. परत येताना मात्र डिजिटल अरायव्हल कार्ड विसरू नये. १ मे २०२५ पासून ते सर्व परदेशी नागरिकांना भरावे लागते, तिथे राहणाऱ्यांनाही, आणि ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. शुल्क नाही; पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट आहेत.

गिरणाकाठची (बुधवार, ८ एप्रिल)

काल जाऊन आले. घरमालकीणबाई बँकॉकला असतात आणि पुढच्या आठवड्यात पाहू म्हणत होत्या. पण ह्यांच्या ऑफिसातल्या थाई सहकारी बाईंनी फोनवर समजावल्यावर त्यांनी दोन्ही प्रती त्याच संध्याकाळी लाइन ॲपवर पाठवल्या. टीएम ३० ची नोंद झाली, त्यावर उशिराचा दंड झाला, तो मी भरला. त्यानंतर टीएम ४७ साठी काहीच विचारले नाही, नवी चिठ्ठी टाचून दिली. रीएन्ट्री अनेक फेऱ्यांची घेतली, कारण जूनमध्ये भाच्याच्या जावळासाठी पुन्हा यायचे आहे. तिथल्या बाईंनी माझ्या एका झेरॉक्सवर सही राहिली होती ती बोटाने दाखवली आणि स्वतःचे पेन पुढे केले.

रावेरकर आणि वाघूरताई, मनापासून आभार. आता शेवटचा प्रश्न. टीएम ३० मालकाने भरायचा असतो, तर त्याचा दंड मी भाड्यातून कापून घेऊ शकते का?

केळीचे_पान

कापावा. कलम ३८ त्यांच्यावर आहे आणि दंडाची पावती तुमच्याकडे आहे.

सातपुडा

कापू नये. एक्सटेन्शनला ऑगस्टमध्ये त्याच बाईंची सही आणि ताबियन बान पुन्हा लागणार आहे.

पांझरा

भाडेकरारात या नोंदीबद्दल काही लिहिले आहे का, ते आधी पाहावे.