घरी भरगच्च वाटणारा ट्रॅक क्लबमध्ये पोकळ का होतो? आणि डेमोला उत्तर का येत नाही?

रात्रपाळी:
मंडळी, एक डीप हाऊस ट्रॅक अडलाय. १२६ बीपीएम (मिनिटाला ठोके), पट्टी एफ मायनर. किक (मुख्य ठोक्याचा ड्रम) सॅम्पल पॅकमधली, म्हणजे तयार आवाजांच्या संचातली; तिची शेपटी, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, साधारण ३५० मिलिसेकंद. बेस सिंथवर बनवलेला, सात युनिसन व्हॉइस (एकाच सुराच्या सात प्रती), थोडे डिट्यून (सुरापासून किंचित सरकवलेले), स्टिरिओमध्ये पसरवलेले. दोन किकच्या बरोबर मधोमध, ऑफबीटला वाजतो. मास्टरवर (सगळे आवाज एकत्र येतात त्या चॅनलवर) लिमिटर, म्हणजे पीक दाबून एकूण आवाज चढवणारं साधन; लाउडनेस उणे ७ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं माप, शून्याच्या जवळ म्हणजे मोठा). खोली ३.४ मीटर लांब, खुर्ची मागच्या भिंतीला लागून, स्पीकर पाच इंची.

इथे ऐकलं की खालचा भाग छान भरतो. मोठ्या सिस्टिमवर मात्र किक येते आणि बेस कुठे जातो कळत नाही. काही सूर येतात, काही गिळले जातात. रचना अशी: ८ बार (चार ठोक्यांचा एक बार) ड्रम्स, नवव्या बारपासून कॉर्ड आणि बेस, मग ब्रेकडाऊन (ताल थांबून शांत होणारा भाग), ड्रॉप (ताल आणि बेस एकदम परत येतात ती जागा), संपलं, एकूण सव्वातीन मिनिटं. लेबलांना (संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांना) पाठवला, कुणाचं उत्तर नाही. मिक्समध्ये खोट आहे की रचनेत की पाठवण्याच्या पद्धतीत? शिवाय करार समोर आला तर काय बघायचं, तेही सांगा.

खर्ज:
आधी खोली, कारण बाकीचे निर्णय तिथूनच चुकताहेत. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिला अनुनाद येतो ३४४ भागिले (२ गुणिले ३.४), म्हणजे जवळपास ५० हर्ट्झला. भिंतीलगत हा अनुनाद सर्वांत जोरात ऐकू येतो, खोलीच्या मधोमध तो जवळजवळ नाहीसा होतो. तुमचं डोकं भिंतीला टेकलंय, म्हणून ५० हर्ट्झच्या आसपासचं सगळं फुगून येतं आणि मिक्स करताना तुम्ही ते कमी करता. खुर्ची पुढच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर आणा, म्हणजे तुमच्याकडे साधारण १.३ मीटर. एवढ्यानेच बेसचा फेडर वेगळ्या जागी जाईल.

आता सूर. तुमच्या बेसचा एफ आहे ४३.६५ हर्ट्झचा. पाच इंची स्पीकर तिथे बहुधा दमलेला असतो. तुम्ही ऐकताय ते त्या सुराचे वरचे हार्मोनिक (पटीतले उपस्वर) आणि खोलीचा अनुनाद. मूळ सूर किती आहे, कसा आहे, हे तुम्हाला कळतच नाही.

सूर गिळले जाण्याचं कारण युनिसन. सात व्हॉइस डिट्यून असले की तळाशी ते एकमेकांना कधी साथ देतात, कधी खोडतात. १० सेंटचा (सेमीटोनचा, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा, दहावा भाग) फरक ४३ हर्ट्झला फक्त पाव हर्ट्झचा होतो. म्हणजे भरती-ओहोटीचं एक चक्र चार सेकंदांचं. तुमचा सूर मात्र पाव सेकंदाचाही नाही. मग प्रत्येक सूर त्या चक्राच्या वेगळ्या टप्प्यावर सापडतो, एक भरलेला आणि पुढचा रिकामा. त्यात बऱ्याच क्लबची सिस्टिम, निदान सब (सर्वांत खालचे सूर वाजवणारा स्पीकर) तरी, मोनो (डावं-उजवं एकत्र करून) चालते. डावी-उजवीकडे पसरवलेलं सगळं तिथे एकत्र येतं आणि एकमेकांना मारतं.

उपाय म्हणजे बेसचे दोन थर करा. खालचा थर एकच ऑसिलेटर (सिंथमधला सूर निर्माण करणारा भाग), साइन (उपस्वर नसलेली साधी लाट), युनिसन बंद, पूर्ण मोनो, आणि फेज रिट्रिगर चालू, म्हणजे प्रत्येक सूर लाटेच्या त्याच बिंदूपासून निघेल. वरचा थर तुमचा सध्याचा पॅच, पण ११०-१२० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह. फिल्टरमुळे जोडाच्या जागी फेज, म्हणजे लाटेची वेळ, सरकते. म्हणून एका थराची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा आणि जी बाजू भरीव लागेल ती ठेवा. हे टाळायला लिनिअर फेज (अशी गडबड न करणारा) फिल्टर लावायचा मोह होतो. किक आणि बेसवर तो नको. ठोक्याच्या आधीच एक पुसट सूज ऐकू येते आणि किकची धार जाते.

शेवटी किक. १२६ बीपीएमला एक बीट ४७६ मिलिसेकंदांची, तेव्हा ऑफबीट २३८ वर. तुमची शेपटी ३५०. प्रत्येक बेस सुराच्या पहिल्या ११२ मिलिसेकंदांत किक अजून बोलतेय. शेपटीचा सूर ट्यूनरवर बघा. तो जी, म्हणजे ४९ हर्ट्झ निघाला, तर एफशी पाच हर्ट्झचा झगडा आहे. किक दोन सेमीटोन खाली घ्या आणि शेपटी २००-२२० वर फेड करा. फेड तिरका असू द्या. एकदम कापलीत तर टक् असा आवाज येईल. दुसरा रस्ताही चांगला: सगळा ट्रॅकच जी किंवा ए मायनरमध्ये न्या. ए ५५ हर्ट्झला आहे, छोट्या-मोठ्या दोन्ही सिस्टिमला तो पेलतो.

सोळाबार:
साईडचेनचा (किक वाजली की बेस आपोआप दाबण्याचा) उल्लेख राहिला. कॉम्प्रेसर बेसवर, किकवरून ट्रिगर, १० डीबी दाबा, मोकळे व्हाल. एवढं खणण्याची गरज नाही.

खर्ज:
साईडचेन हवंच, पण इथल्या दुखण्याचं ते औषध नाही. ऑफबीटचा बेस किकच्या ठोक्यावर वाजतच नाही, दाबायचं कुणाला? रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) २५० मिलिसेकंदांच्या वर गेला तर उलटा तोटा: बेस दाबलेल्या अवस्थेतच सुरू होतो, उशिरा वर येतो आणि ग्रूव्ह मागे ओढल्यासारखा वाटतो. इथे अॅटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) १ ते ३ मिलिसेकंद (त्याहून कमी घेतला की साइनवर टिकटिक येते), रिलीज १२० ते १५०, दाब ४ ते ६ डीबी पुरे. ट्रिगर मूळ किकवरून घेऊ नका. एक आखूड, म्यूट केलेली किक वेगळ्या चॅनलवर ठेवा आणि तिच्यावरून घ्या. मग किक बदलली किंवा ब्रेकडाऊनमध्ये काढली तरी पॅडचा (लांब धरलेल्या कॉर्डचा) दबत-उठत चालणारा श्वास तसाच चालू राहतो.

आणि तो लिमिटर काढा. उणे ७ गाठायला तो किकचा माथाच खातोय. मास्टरिंगला (प्रसिद्धीआधीच्या शेवटच्या संस्काराला) देताना पीक उणे ६ डीबीच्या आसपास, २४ बिट वॅव्ह, मास्टरवर काही नाही. स्पॉटिफाय एरवी उणे १४ एलयूएफएसच्या हिशोबाने आवाज खाली आणतं, त्यामुळे तिथे लाउडनेस लढवून काही मिळत नाही.

सोळाबार:
पटलं. रचनेबद्दल मात्र मला बोलू द्या, कारण डेमो बहुधा तिथेच पडतोय.

डीजेला दोन ट्रॅक एकमेकांत मिसळायला जागा लागते. १२६ ला एक बार १.९ सेकंदांचा, तुमचा ८ बारांचा इंट्रो १५ सेकंदांत संपतो. नवव्या बारला कॉर्ड आली की आधीच्या ट्रॅकच्या सुरांशी टक्कर. ही लांबी कुणी हौसेने ठरवलेली नाही. १९७० च्या दशकात डिस्कोच्या काळात बारा इंची सिंगल आली, टॉम मोल्टनसारख्यांनी गाणी लांबवून मधे नुसत्या तालाची जागा मोकळी केली आणि मिक्स करणाऱ्याला हात घालायला ठिकाण मिळालं. तेव्हापासून ट्रॅक हा एकट्याने ऐकण्यापुरता राहिला नाही. त्याच्या मागेपुढे दुसरा ट्रॅक असणार हे गृहीत आहे.

तुमच्यासाठी साचा: १ ते ३२ ड्रम्स, दर आठ बारांनी एक गोष्ट वाढवत; ३३ ते ६४ बेस आणि कॉर्डची चाहूल; ६५ ते ८० छोटा ब्रेक; ८१ ते ११२ ग्रूव्ह; ११३ ते १४४ मोठा ब्रेकडाऊन; १४५ ते १७६ ड्रॉप; १७७ ते २०८ आउट्रो, परत नुसते ड्रम्स. २०८ बार म्हणजे ६ मिनिटं ३६ सेकंद. तुमची सव्वातीन मिनिटं फेकू नका, तीच स्ट्रीमिंगची रेडिओ एडिट (छोटी आवृत्ती).

भरायचं कसं? पुढे पुढे रचत जाऊ नका, आठ बारांच्या लूपमध्येच (फिरून फिरून वाजणाऱ्या तुकड्यातच) माणूस अडकतो. सर्वांत भरलेला लूप आहे तसा २०८ बारांवर पसरा आणि मग काढत जा. पहिल्या ३२ बारांतून आठ गोष्टी पुसल्या की इंट्रो तयार. रचना लिहिण्यापेक्षा पुसण्याने लवकर होते, कारण प्रत्येक निर्णय ऐकून घेता येतो. बदलाच्या आधीच्या बारातली शेवटची किक गाळा. नुसत्या त्या एका गैरहजेरीने कान पुढे सरसावतो. फक्त फिल्टर हळूहळू उघडत नेणं म्हणजे रचना नव्हे. फिल्टर तोच मजकूर उजळ करतो, नवं काही सांगत नाही.

हॅट्स (झांजांचे ठोके) ग्रिडवर, म्हणजे अगदी समान अंतरावर, चिकटलेले असतील तर १६ व्या (बारच्या सोळाव्या भागाच्या) मात्रांना ५६ टक्के स्विंग द्या, म्हणजे जोडीतली दुसरी मात्रा थोडी उशिरा. १२६ ला दुसरी मात्रा ११९ ऐवजी १३३ मिलिसेकंदांवर पडते. १४ मिलिसेकंदच, पण पाय हलायला तेवढे लागतात. क्लॅपला (टाळीच्या ठोक्याला) स्विंग नको, तो खुंटा आहे.

क्लबमध्ये तपासायला नेताना पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाईल एआयएफएफ, ४४.१ किलोहर्ट्झ. काही सॉफ्टवेअर २४ बिट वॅव्हला वेगळ्या प्रकारचं हेडर लावतात. जुन्या सीडीजेंवर (क्लबमधल्या डीजे प्लेअरवर) मग ई-८३०५ हा चुकीचा कोड दिसतो आणि ट्रॅक उघडतच नाही. स्टेजवर उभं राहून ते दुरुस्त होत नाही.

टपालपेटी:
लेबलच्या बाजूने बघतो. डेमो ऐकणारा माणूस तीस-चाळीस सेकंदांत पुढे सरकवतो. थेट ब्रेकडाऊन आणि ड्रॉप बघतो, आवडलं तरच सुरुवातीला परत येतो. म्हणून स्ट्रीम होणारी खासगी लिंक द्या, डाउनलोड चालू ठेवून. फाईल ईमेलला जोडू नका. सात दिवसांत मरणारी ट्रान्सफर लिंक सगळ्यात घातक. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी ती उघडतो आणि समोर काहीच नसतं. दोन किंवा तीन ट्रॅक, सगळे पूर्ण. 'मिक्स अजून बाकी आहे' असं लिहावं लागत असेल तर पाठवू नका. मजकूर चार ओळींचा: कोण, काय पाठवलंय, या लेबललाच का, ट्रॅक आधी कुठे प्रसिद्ध झालेला नाही. वीस लेबलांना एकाच ईमेलमध्ये सीसी केलं की वीसही जण तो मिटतात. तीन-चार आठवड्यांनी एकदा आठवण, पुन्हा नाही. लेबलांचं वेळापत्रक कित्येकदा तीन ते सहा महिने आधीच भरलेलं असतं, तेव्हा शांतता म्हणजे नकारच असं नाही.

आणि लेबलच्या मागच्या दहा रिलीज नीट ऐका. टीबी-३०३ हे यंत्र रोलॅन्डने १९८१ मध्ये बेस गिटारची जागा भरायला काढलं. त्या कामात ते चाललं नाही, उत्पादन थांबलं. मग शिकागोतल्या पोरांच्या हाती ते जुन्या बाजारात स्वस्तात लागलं. त्याच्या अॅक्सेंटने आवाज वाढतो तसा फिल्टरही उघडतो; तो चालू पॅटर्नवर हाताने फिरवत राहिल्यावर अॅसिड हाऊस ऐकू आलं. लेबलला अशी स्वतःच्या कानाची खूण हवी असते. त्यांच्या मागच्या रिलीजची दुसरी प्रत त्यांच्याकडे रोज येते.

करारात आधी हे बघा की मास्टर (इथे मूळ रेकॉर्डिंगचे हक्क) कायमचं देताय की ठरावीक वर्षांसाठी लायसन्स. वर्षं लिहिलेली नसतील तर लिहून घ्या, आणि मुदत संपल्यावर हक्क आपोआप परत येतील असं कलम मागा. वाटा बऱ्याचदा ५० टक्के असतो, पण 'निव्वळ' उत्पन्नाचा. निव्वळमधून काय काय वजा होणार (मास्टरिंग, आर्टवर्क, प्रमोशन), त्याची कमाल मर्यादा काय, हिशोब सहा महिन्यांनी येणार की वर्षाने, हे सगळं कागदावर हवं. अॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नाही, तुमच्याच वाट्यातून तो आधी वळता होतो. पब्लिशिंग, म्हणजे रचनेचे हक्क, मास्टरपासून वेगळे आहेत. एकाच वाक्यात दोन्ही मागितले असतील तर सही करू नका. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगची ओळख) लागतो. रेडिओ एडिटचा वेगळा, क्लब मिक्सचा वेगळा. दोन्हींना एकच दिला की पैसे एकमेकांच्या खात्यात जातात आणि ते निस्तरायला महिने लागतात.

रात्रपाळी:
खुर्ची हलवली. किकची शेपटी खरंच 'जी' सुराची निघाली. एक राहिलं: ड्रॉपमधला गळा (गायलेला भाग) सॅम्पल पॅकमधला आहे, रॉयल्टी-फ्री (दर वापराला पैसे न लागणारा). चालेल ना?

टपालपेटी:
वापरायला चालेल, पण 'हे माझं एकट्याचं' असा दावा करायला नाही. तोच गळा आणखी कित्येकांच्या ट्रॅकमध्ये असणार. आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत कुणी आपला ट्रॅक आधी नोंदवला असेल तर तुमच्यावर दावा लागतो, आणि तुम्ही नोंदवलात तर त्यांच्यावर. पॅकचा परवाना उघडून एकटा, उघडा लूप वापरण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बरेच परवाने तो इतर वाद्यांत मिसळलेलाच वापरू देतात. गळा तुकडे करून, सूर बदलून, उलटा करून इतका बदला की मूळ ओळखू येणार नाही. नाहीतर गायिकेकडून नवीन गाऊन घ्या आणि रेकॉर्डिंगच्याच दिवशी दोन ओळी लिहून सह्या घ्या: रचनेत तिचा किती टक्के, मास्टरमध्ये किती, नाव कसं छापायचं. ट्रॅक चालायला लागल्यावर हे ठरवायला बसलं की कुणाचाच आकडा जुळत नाही. लेबलला पाठवताना गळा पॅकमधला असेल तर तसं आधीच सांगा.

सोळाबार:
आणि नवीन गाऊन घेणार असाल तर आधी ए मायनरला न्यायचं की नाही ते ठरवा. एफमध्ये गाऊन घेतलेला गळा नंतर चार सेमीटोन वर ओढलात तर स्वर चिरका होतो.